शनिवारचीच रेस

मोनॅको, २७ मे २०२३. उद्या इथे फॉर्म्युला वनची रेस. वेळा तिथल्या आहेत. आपल्या घड्याळासाठी साडेतीन तास मिळवा.

सकाळ. एरवी बंदराकडे जाणाऱ्यांच्या या रस्त्यांना आज दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे. एक फेरी ३.३३७ किलोमीटर, १९ वळणं, आणि पुढच्याला मागे टाकायला जागा जवळजवळ नाहीच. म्हणून रविवारी पुढे राहायचं तर शनिवारीच पुढचा नंबर लावायचा. पूर्वी ग्रांप्रीत कोण पुढे उभं राहणार हे सहसा चिठ्ठ्या टाकून ठरे. सरावातल्या वेळेवरून जागा देण्याची पद्धत १९३३ मध्ये याच गावात सुरू झाली. पहिला मान आकिले वार्झीचा.

दुपारी १२.३०. तासाभराचा शेवटचा सराव. प्रत्येक फेरीगणिक ड्रायव्हर कठड्याच्या आणखी जवळून गाडी काढतात. सराव संपत आला असताना हॅमिल्टन मिराबोच्या वळणावर आदळतो. क्रेन त्याची मर्सिडीज उचलते आणि फोटोग्राफर धावतात ते गाडीच्या पोटाखाली. २०२२ च्या नियमांनुसार गाडीला रस्त्याशी चिकटवून ठेवण्याचं बरंचसं काम तेव्हा तळच करत असे, त्यामुळे तळ ही प्रत्येक संघाची झाकली मूठ. मर्सिडीजनं नेमक्या याच रेसला गाडीत मोठे बदल करून आणलेले.

१.३०. उद्याच्या जागा ठरवणाऱ्या क्वालिफायिंगला अडीच तास. मोडलेली गाडी तेवढ्यात उभी करायची. हॅमिल्टनच्या नावावर या दिवशी १०३ पोल, म्हणजे सर्वांत पुढच्या जागा, आहेत, जगात सर्वाधिक. मेकॅनिकांच्या नावावर एकही नाही. मला तरी या दिवसातले हेच खरे नायक वाटतात. गाडी वेळेत तयार होते.

४.००. पहिला टप्पा, १८ मिनिटं, २० गाड्या, पाच बाद. गेल्या वर्षी इथे जिंकलेला रेड बुलचा पेरेझ सेंट देवोतच्या वळणाला कठड्यावर. लाल झेंडा, पुन्हा क्रेन. आता रेड बुलची मूठ उघडली! पेरेझ उद्या सगळ्यांच्या मागून निघणार.

दुसरा टप्पा १५ मिनिटांचा. नॉरिस कठड्याला धडकतो, पण त्याची गाडी दुरुस्त होऊन परत येते.

पाचच्या सुमारास. शेवटची १२ मिनिटं, दहा गाड्या. रस्त्यावर टायरचं रबर बसत जातं तशी पकड वाढते, म्हणून सगळ्यांनाच अगदी शेवटी फेरी हवी असते. आधी ओकॉन सर्वांत वर. मग इथलाच मुलगा लक्लेर, १:११.४७१. मग अलोन्सो, १:११.४४९. वय ४१, याआधीचा पोल २०१२ चा, जर्मनीतला. घरी टीव्हीपुढे मी एव्हाना उभाच होतो.

वर्स्टॅपन अजून फेरीवर आहे. दोन तृतीयांश रस्ता संपला तेव्हा तो सुमारे दोन दशांश सेकंद मागे. इथं शहाणा माणूस दुसरा नंबर मान्य करील. वर्स्टॅपन मात्र स्विमिंग पूलजवळची वळणं, रास्कास आणि शेवटचं वळण कठड्याला घासत काढतो. १:११.३६५. फरक ०.०८४ सेकंदाचा, त्या फेरीच्या सरासरी वेगानं मोजला तर चार मीटरही भरत नाही, गाडीच त्याहून लांब. मोनॅकोतला त्याचा हा पहिलाच पोल. मन अलोन्सोकडे होतं, पण फेरी वर्स्टॅपनचीच मोठी.

संध्याकाळ. बोगद्यात संथ चालणाऱ्या लक्लेरनं वेगात आलेल्या नॉरिसची वाट अडवल्याचं पंचांचं मत. मागून कोण येतंय हे त्याच्या संघानं रेडिओवर वेळेत सांगितलं नव्हतं, शिक्षा मात्र त्याला: तीन जागा मागे, तिसऱ्यावरून सहावा. ओकॉन तिसरा.

रविवारी ७८ फेऱ्या झाल्या, मध्येच पाऊसही आला. पहिला वर्स्टॅपन, दुसरा अलोन्सो, तिसरा ओकॉन. लक्लेर सहावा.