आलेखाला उलट प्रश्न विचारता यावा

कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्र देशात सर्वांत पुढे असल्याचे आलेख रोज दिसत होते आणि ते खोटे नव्हते. एकूण रुग्णसंख्येत महाराष्ट्र पहिलाच होता. शेजारी गोव्याचा स्तंभ जेमतेम दिसे. पण २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात, तर गोव्याची साडेचौदा लाख. तीच आकडेवारी दर लाख लोकांमागे मांडली की गोवा महाराष्ट्राच्या वर जातो. यांपैकी कोणतं चित्र दाखवायचं हे छापील आलेखात आधीच ठरलेलं असतं. वाचकाला ते बदलता येत नाही, आणि असं काही ठरवलं गेलंय याची त्याला बहुतेकदा कल्पनाही नसते. इंटरॅक्टिव्ह, म्हणजे वाचकाला बटण दाबून बदलता येणाऱ्या आलेखाचं मोल मला दिसतं ते इथे. स्तंभ डौलात वर सरकतात, ती निव्वळ हौस.

असे आलेख बनवण्यासाठी जगभर वापरली जाणारी डीथ्री ही मुक्तस्रोत लायब्ररी माइक बोस्टॉक, व्हादिम ओगिएव्हेत्स्की आणि जेफ्री हीर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली, २०११ मध्ये. ती तयार आलेख देत नाही. प्रत्येक आकडा पानावरच्या एकेका आकृतीशी जोडायचा आणि आकड्यानुसार तिची उंची कशी ठरेल हे स्वतः लिहायचं. समजा आकडे ० ते ५०० आहेत आणि जागा ३०० पिक्सेल उंच आहे. मग ० ला ३०० आणि ५०० ला ० असं उलटं गणित मांडावं लागतं, कारण पडद्यावरची मोजणी वरून खाली होते. हे विसरणाऱ्या नवशिक्याचे स्तंभ छताला लटकतात! हे गणित लिहिलेल्या ओळीत आकड्यांची सुरुवात ० ऐवजी ४५० पासून केली, तर ४९० चा स्तंभ ४६० च्या चौपट दिसतो. म्हणजे फसवणूक असलीच तर ती एका ओळीत असते, आणि कोड खुला असेल तर ती ओळ कुणालाही वाचता येते.

डीथ्री शिकायला अवघड आहे, ही तक्रार खरी आहे. साधा स्तंभालेखच हवा असेल तर चार्टजेएस थोडक्या ओळींत काम भागवते, तीही मुक्तस्रोतच. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: वाचक बटणं दाबतच नाहीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या आर्ची त्से यांनी २०१६ मध्ये हेच सांगितलं होतं, की बहुतेक लोक फक्त पान खाली सरकवतात. म्हणून पहिलं दृश्य बोट न लावताही पुरेसं आणि प्रामाणिक असलं पाहिजे. माउस नेल्यावरच उमटणारा आकडा तर मोबाइलवर अनेकदा दिसतही नाही. पण संस्थेच्या हिशेबाची वही सगळे सभासद उघडत नाहीत, म्हणून ती कुलपात ठेवावी असं कुणी म्हणत नाही. शंका आलेल्या एकाला ती उघडता आली तरी पुरे.

खरी अडचण वेगळीच आहे. कोड खुला आणि आकडे बंद, असं झालं तर पारदर्शकता नावापुरतीच उरते. कोविडची आकडेवारी देणारं ‘कोविड१९इंडिया’ हे संकेतस्थळ स्वयंसेवकांनी ऑक्टोबर २०२१ पर्यंत चालवलं, तेव्हा कोड आणि आकडे दोन्ही खुले ठेवले होते. आपल्या महापालिका, सरकारी खाती आणि वृत्तपत्रांनीही आलेखाखाली मूळ आकड्यांची, कुणालाही संगणकावर उघडून तपासता येईल अशी साधी सीएसव्ही फाइल द्यावी. स्कॅन केलेली पीडीएफ नको.