मजूरमंत्री आंबेडकर आणि दामोदरचे पाणी

१९४२ च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दाखल झाले. घटनाकार आणि कायदामंत्री म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्याआधीची ही चार वर्षे मात्र आपल्या बोलण्यात फारशी येत नाहीत. ती यायला हवीत. त्यांच्यातल्या अर्थशास्त्रज्ञाच्या हाती सत्ता आली ती याच काळात.

अभ्यास भक्कम होता. कोलंबिया विद्यापीठात ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी., आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ. सुवर्ण विनिमय पद्धतीबद्दल त्यांनी त्यात थेट अर्थशास्त्रज्ञ केन्सशी मतभेद मांडला. पण मंत्री आंबेडकर समजून घ्यायचे तर लहान शेतजमिनींवरचा १९१८ चा एक छोटा निबंध अधिक मोलाचा आहे. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. जमिनीचे तुकडे पडतात म्हणून शेती तोट्यात जाते, ते एकत्र करावेत, असा तेव्हाचा सूर होता. आंबेडकरांचा सवाल वेगळा होता: जमीन लहान की मोठी हे ठरवायचे कशावरून? शेतकऱ्याकडे बैल, अवजारे, भांडवल किती, त्यावरून. तेच अपुरे असेल तर मोठी जमीनही परवडणार नाही. खरे दुखणे शेतीवर पोसल्या जाणाऱ्या जादा माणसांचे, आणि त्यावर उपाय उद्योगधंदे वाढवण्याचा.

पंचवीस वर्षांनी वीज आणि पाटबंधारे त्यांच्याच खात्यात होते. उद्योग हवेत तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हे त्यांनी १९४३ मध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेच्या धोरण समितीपुढे ठासून सांगितले. त्याच वर्षी बिहार-बंगालमधल्या दामोदर नदीला महापूर आला. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड तुटले. नुसते बंधारे घालून भागवता आले असते. पण आंबेडकरांनी ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत पूरनियंत्रण, सिंचन, वीज यांचा एकत्रित विचार पुढे नेला. अमेरिकेतील टेनेसी नदीखोऱ्याच्या विकासाचा नमुना समोर होता. दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये उभे राहिले.

मजुरांच्या बाबतीत हिशेब इतका सरळ नाही. कोळशाच्या टंचाईपायी १९४३ मध्ये स्त्रियांना खाणीत उतरवण्यावरची बंदी सरकारने उठवली. खाते त्यांचे होते, त्यामुळे टीकाही त्यांच्यावर झाली. ही बंदी पुन्हा लागू व्हायला १९४६ उजाडावे लागले. त्याच वर्षी बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. ते विधेयक त्यांनीच मांडले होते.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात या काळातली भाषणे आहेत. जयंतीच्या व्याख्यानांना जाणाऱ्या प्रत्येकाने तो खंड एकदा तरी वाचावा.