काचेवरील चेहऱ्यांची ओळख

चित्रपटगृहे येण्यापूर्वी पडद्यावर मोठे चित्र पाडण्याचे साधन म्हणजे जादूचा कंदील. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने त्याचेच खेळ केले. त्यांच्या काचांवरील चित्रे हाताने रंगविलेली असत. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लँगनहाइम बंधूंनी छायाचित्रच काचेवर उतरविण्याची रीत काढून १८५० मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे कित्येक दशके अशा स्लाइड व्याख्यानांतून, शाळांतून व नाट्यगृहांतून दाखविल्या गेल्या. त्यांत तेथील लोकप्रिय खेळ असलेल्या बेसबॉलचे खेळाडूही आहेत. आज हौशी संग्राहक या स्लाइड शोधून जमवितात. स्लाइड हाती लागणे त्या मानाने सोपे. तिच्यावरील माणूस कोण, हे ठरविणे कठीण. इतिहास शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास या छंदाचे आकर्षण आहे ते याच कारणाने.

प्रथम वस्तू तपासावी. अमेरिकन स्लाइड साधारणपणे सव्वातीन इंच बाय चार इंच, तर ब्रिटिश स्लाइड सव्वातीन इंच चौरस असते. चित्राची काच, तिच्यावर काळ्या कागदाची चौकट, वर संरक्षक काच आणि कडेने चिकटपट्टी, अशी तिची बांधणी. प्रकाशासमोर धरल्यावर चेहरा काळा व टोपीची सावली पांढरी दिसली, तर ती स्लाइड नसून निगेटिव्ह आहे. स्लाइड पाण्याने कधीही धुऊ नये. जिलेटिनचा थर फुगतो आणि रंग वाहून जातो. रंगावरून संघ ठरविण्याचा मोह तर आवरावाच. मूळ चित्र कृष्णधवल. रंग भरणाऱ्या कारागिराने तो सामना पाहिला असेलच, असे नाही. शिवाय काच उलटी धरली की उजव्या हाताचा खेळाडू डावखुरा होतो. म्हणून आधी छातीवरील अक्षरे सुलटी आहेत का, ते पाहावे.

आता खेळाडू. आज पाठीवरचा क्रमांक पाहून नाव सांगता येते. तेव्हा ती सोय नव्हती. न्यूयॉर्क यांकीज संघाने पाठीवर कायमचे क्रमांक घातले ते १९२९ मध्ये. त्यापूर्वीच्या चित्रात पोशाखच बोलतो. समजा, छातीवर ‘वर्ल्ड्स चॅम्पियन्स’ असे शब्द आहेत. न्यूयॉर्क जायंट्स संघाने १९०६ च्या हंगामात असा पोशाख घातला होता. पण क्लीव्हलंड संघानेही १९२१ मध्ये तेच शब्द मिरविले. मग हातमोजा पाहावा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चामड्याच्या दोऱ्यांची जाळी विणलेला मोजा १९२० च्या सुमारास प्रचारात आला. तो दिसला तर १९०६ चा दावा डळमळतो. वर्ष आणि संघ निश्चित झाला की त्या वर्षीच्या खेळाडूंच्या नावानिशी छापलेल्या चित्रांशी चेहरा ताडून पाहायचा. वयाने गाल बदलतात, मिशी येते-जाते. कानाची ठेवण सहसा तीच राहते.

एवढे सोडून पुष्कळ जण कडेवर चिकटविलेल्या चिठ्ठीवर विसंबतात. प्रसिद्ध नाव असले की किंमत चढते, हे विक्रेत्यासही ठाऊक असते. अप्रामाणिकपणा नसला तरी चूक होतेच. न्यूयॉर्कच्या बेन वृत्तसंस्थेची हजारो काच-निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. २००८ पासून ग्रंथालयाने ती चित्रे लोकांसमोर ठेवली, तेव्हा जाणत्या वाचकांनी कित्येक नावे दुरुस्त करून दिली.

आणि कधीकधी नावच मुद्दाम खोटे असते. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडो संघातर्फे प्रमुख लीगमध्ये खेळला होता. त्यानंतर गोऱ्यांच्या संघांनी, कोणताही लेखी नियम न करता, ही दारे बंद केली. ती उघडली १९४७ मध्ये, जॅकी रॉबिन्सनसाठी. या मधल्या काळात, १९०१ साली, बाल्टिमोर संघाचा व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ याने चार्ली ग्रँट या कृष्णवर्णीय खेळाडूस ‘टोकोहामा’ नावाचा मूळ अमेरिकन इंडियन म्हणून संघात घेण्याचा घाट घातला. शिकागोच्या चार्ल्स कॉमिस्की याने आक्षेप घेतला आणि ग्रँटला त्या संघातर्फे लीगचा सामना खेळता आला नाही. त्या दिवसांतील एखाद्या चित्राखाली ‘टोकोहामा’ लिहिलेले सापडले, तर चिठ्ठी जुनी व अस्सल असूनही नाव खोटेच.

म्हणून संग्राहकाने दोन नोंदी ठेवाव्यात: चिठ्ठीवर जे आहे ते अक्षरशः, आणि आपला निष्कर्ष कारणांसह, निराळा. जुनी चिठ्ठी चुकीची ठरली तरी काढून टाकू नये. काच कागदी पाकिटात उभी ठेवावी, पाकिटावर ती आत ठेवण्याआधीच पेन्सिलीने लिहावे. आणि पुरावा अपुरा असेल तेथे, कितीही मोह झाला तरी, ‘अनोळखी खेळाडू’ एवढेच लिहावे.