काँडो आपल्याला मानवेल का?

आपल्यापैकी कोणी भाड्याच्या अपार्टमेंटमधून बाहेर पडायचा विचार बोलून दाखवला, की पॉटलकमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, "घ्यायचं तर स्वतंत्र घर घ्या, पायाखालची जमीन आपली पाहिजे." दुसरा म्हणतो, "आणि जानेवारीत बर्फ कोण उपसणार?" दोघांचंही खरं असतं, पण त्यातून आपल्या घराला काय मानवेल याचं उत्तर मिळत नाही. आम्ही सहा वर्षं न्यू जर्सीत काँडोत राहतो. हल्ली तर मुलं शिकून बाहेर पडल्यावर चार बेडरूमचं घर विकू पाहणारी आपली ज्येष्ठ मंडळीही हाच प्रश्न विचारू लागली आहेत, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एक समजून घेऊ, की काँडोत आपण नक्की काय विकत घेतो. साधारणपणे आपल्या युनिटच्या भिंतींच्या आतली जागा आपली. छप्पर, बाहेरच्या भिंती, जिने, लिफ्ट, रस्ते यांत सगळ्यांचा अविभक्त हिस्सा. बाल्कनी वापरायची आपण, पण बहुतेक ठिकाणी हुकूम असोसिएशनचा. पुण्या-मुंबईच्या सोसायटीची सवय असलेल्यांचा इथे थोडा घोटाळा होतो. तिकडे इमारत सोसायटीच्या मालकीची असते आणि आपण शेअर सर्टिफिकेट बाळगणारे सभासद. हा प्रकार न्यूयॉर्कच्या को-ऑपला जवळचा. काँडोचं नातं लागतं ते महाराष्ट्राच्या १९७० सालच्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याशी. टाउनहाऊसचं तर बाहेरून पाहून काहीच सांगता येत नाही. काही कायद्याने काँडो असतात, काहींत खालची जमीनही आपली असते. डीड वाचल्याशिवाय बोलू नये.

आता पैशाचं. असोसिएशनची फी महिना ४०० डॉलर आहे असं धरा. ७ टक्के व्याजाने ३० वर्षांच्या मुदतीवर ६० हजार डॉलर कर्ज काढलं, तर त्याचा हप्ता जवळपास तेवढाच येतो. म्हणजे महिन्याच्या खर्चाच्या दृष्टीने हा काँडो किमतीपेक्षा ६० हजारांनी महाग आहे असं समजायला हरकत नाही. बँकही कर्ज मंजूर करताना ही फी तुमच्या मासिक बोज्यात धरतेच. शिवाय कर्ज कधीतरी फिटतं, फी फिटत नाही, उलट वाढते. आणि राहत्या घराच्या फीवर आयकरात वजावट मिळत नाही.

पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. स्वतंत्र घराच्या देखभालीसाठी वर्षाला किमतीच्या १ टक्का बाजूला ठेवावा असा एक ठोकताळा आहे. पाच लाखांच्या घराला वर्षाचे ५,००० डॉलर, म्हणजे महिना चारशेच्या वरच. घरवाल्याला हा खर्च दर महिन्याला दिसत नाही. तो एकदम छप्पर बदलताना दिसतो, एवढाच फरक. तेव्हा नुसती "फी किती?" ही चौकशी अर्धवट आहे. खरी चौकशी फीमध्ये काय काय येतं आणि त्यातलं भविष्यासाठी किती साठवलं जातं, याची.

या साठवणीला रिझर्व्ह फंड म्हणतात. आपल्याकडचा सिंकिंग फंड. समजा, शंभर युनिटांच्या कॉम्प्लेक्सची छपरं बदलायला १२ लाख डॉलर लागणार आहेत आणि रिझर्व्हमध्ये ३ लाखच आहेत. उरलेले ९ लाख येणार कुठून? प्रत्येकाच्या खिशातून सरासरी ९,००० डॉलर. यालाच स्पेशल असेसमेंट म्हणतात. ज्या असोसिएशनची फी आसपासच्यांपेक्षा फारच कमी आहे, तिथे खूश होण्याआधी हा हिशेब करून पाहावा. स्वस्त फी म्हणजे पुष्कळदा पुढे ढकललेलं बिल असतं.

हे टोकाला गेलं तर काय होतं हे फ्लोरिडातल्या सर्फसाइडमध्ये दिसलं. १९८१ साली बांधलेल्या शॅम्प्लेन टॉवर्स साउथ या बारा मजली इमारतीच्या काँक्रीटचं नुकसान इंजिनिअरने २०१८ च्या अहवालात दाखवून दिलं होतं. रिझर्व्ह तुटपुंजा, सभासदांत वादावादी, बोर्डातले राजीनामे. दुरुस्तीचा आकडा वाढत दीड कोटी डॉलरवर गेला, घरटी ८० हजारांपासून ३ लाखांच्या वर असेसमेंट मंजूर झाली, आणि मुख्य दुरुस्ती सुरू होण्याआधीच २४ जून २०२१ च्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला. ९८ माणसं गेली. त्यानंतर फ्लोरिडाने २०२२ मध्ये आणि न्यू जर्सीने जानेवारी २०२४ मध्ये इमारतींची तपासणी आणि रिझर्व्हचा अभ्यास यांबद्दल कडक कायदे केले. यामुळे अनेक जुन्या कॉम्प्लेक्सची फी वाढते आहे. त्याबद्दल कुरकुर ऐकू येते, पण मला ती वाढ रास्त वाटते.

म्हणून घेण्याआधी चार कागद मागावेत: चालू वर्षाचं बजेट, रिझर्व्ह स्टडी, नियमांचं पुस्तक आणि बोर्डाच्या गेल्या दोन वर्षांच्या सभांची मिनिट्स. आम्ही सॉफ्टवेअरवाले डॉक्युमेंटेशन न वाचण्याबद्दल प्रसिद्ध आहोत, पण ही मिनिट्स जरूर वाचा. ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल असतो, मिनिट्समध्ये गळकं बेसमेंट असतं. फी थकवणारे किती, भाड्याने दिलेली युनिटं किती, कोर्टात दावे आहेत का, हेही विचारावं. न्यू जर्सीत रिअल्टरने केलेल्या कराराला वकिलाकडून तपासून घ्यायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात. ते वाया घालवू नयेत.

विम्याबद्दल थोडक्यात: असोसिएशनची मास्टर पॉलिसी इमारतीची असते, तुमच्या सोफ्याची नव्हे. काही पॉलिसींत तर आतली कॅबिनेट आणि फ्लोअरिंगही येत नाही. त्यासाठी एचओ-६ नावाची स्वतंत्र पॉलिसी घ्यावी लागते. तिच्यात 'लॉस असेसमेंट'चं कलम किती रकमेचं आहे ते एजंटला विचारा.

पैशाचा हिशेब जमला तरी स्वभावाचा हिशेब उरतोच, आणि आपल्या घरांत तोच अवघड. दारापुढे रांगोळी, दाराला तोरण, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, कॉरिडॉरमधला चपलांचा ढीग, या सगळ्याला नियम असू शकतो. गणपतीला दहा गाड्या आल्या तर पाहुण्यांचं पार्किंग आहे का? तबला शिकणारा मुलगा आणि खालच्या मजल्यावर रात्रपाळी करणारी नर्स यांचं कसं जमणार? ज्यांना "माझ्या घरात मला सांगणारा तू कोण" असं लगेच वाटतं, त्यांनी सरळ स्वतंत्र घर घ्यावं. गवत कापताना राग शांत होतो म्हणतात.

उलट, आई-बाबा सहा-सहा महिने येत असतील तर काँडोचा फायदा मोठा आहे. स्वतंत्र घरांच्या वस्तीत गाडी चालवता न येणारा माणूस दिवसभर खिडकीशी बसून राहतो. आमच्या बाबांना इथे लिफ्टमध्येच एक गुजराती काका भेटले, आणि आता दोघांची संध्याकाळची फेरी चुकत नाही. मात्र लिफ्ट नसलेलं तिसऱ्या मजल्यावरचं युनिट स्वस्त मिळालं तरी आईच्या गुडघ्यांना विचारूनच घ्या.

आता रोजच्या घरकामातल्या काही गोष्टी. पहिली फोडणीची. बऱ्याच काँडोंत शेगडीवरचा मायक्रोवेव्ह-हूड हवा बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या फिल्टरमधून गाळून ती परत स्वयंपाकघरातच सोडतो. घर बघायला जाल तेव्हा पंखा चालू करून वरच्या जाळीसमोर हात धरा. वारा लागला तर तो याच जातीचा. मग कोळशाचा फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलावा आणि खालची चिकट जाळी महिन्यातून एकदा गरम साबणाच्या पाण्यात भिजवावी. स्मोक अलार्म ओरडतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवण्याचा उद्योग कृपया करू नये. अलार्मचं आयुष्य दहा वर्षं असतं, मागची तारीख पाहा. शेगडी इंडक्शनची असेल तर लोहचुंबक बुडाला चिकटेल तेच भांडं चालतं, म्हणजे भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा साधा कुकर बाद.

सिंकमधल्या डिस्पोजलमध्ये उरलेला भात, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या टाकू नयेत. भात फुगतो, काड्या गुंडाळल्या जातात. तूप-तेल तर मुळीच ओतू नये, ते पाइपमध्ये थिजतं, आणि काँडोत तो पाइप पुष्कळदा सगळ्यांचा असतो. पांढऱ्या काउंटरवर हळदीचा डाग पडला तर बेकिंग सोड्याची पेस्ट थोडा वेळ लावून ठेवा. कपड्यावर पडला तर धुऊन उन्हात वाळवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होतं.

काँडोतलं सगळ्यात महाग भांडण पाण्यावरून होतं, कारण आपली गळती म्हणजे खालच्याचं छत. वॉशिंग मशीनच्या रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या लावा आणि पाचएक वर्षांनी त्याही बदला. मशीन चालू ठेवून देवळात जाऊ नका. वॉटर हीटरची टाकी दहा-बारा वर्षं टिकते. काही असोसिएशन्स तर ठराविक वर्षांनी ती बदलायची सक्तीच करतात. आणि डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात जाताना हीट पूर्ण बंद करू नका, ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर पाइप गोठून फुटायची भीती. युनिटचा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. तो कुठे आहे हे बॅगा भरायच्या आधीच शोधून ठेवा, आणि एक किल्ली भरवशाच्या शेजाऱ्याकडे द्या.