नरक चतुर्दशी, तांड्यावरच्या बाळाचा सातवा दिवस

पहाटे 4. नात उठली. लेक चाकणहून दिवाळीला आलीय, जावई भाऊबीजेला येतील. लेकरू चार महिन्यांचं, दर दोन-अडीच तासांनी दूध मागतं. लेकीनं उठून पदराखाली घेतलं, मी तिच्या पाठीला उशी लावली आणि हाताशी तांब्याभर पाणी ठेवलं. पाजायला बसलं की घशाला कोरड पडते, आणि त्याच वेळी पाणी द्यायला जवळ कुणी नसतं. आशा म्हणून काम करताना मी घराघरांत हेच सांगत आलेय, तर माझ्या घरात ते आधी व्हायला पाहिजे.

5 वाजता न्हाणं. अंगणात चूल पेटली, हंड्यातलं पाणी कढलं. औंढा तालुक्यात दिवाळीच्या पहाटे आताशा गारवा सुटलेला असतो. सासूबाईंचं म्हणणं, पहिली दिवाळी आहे, सूर्य उगवायच्या आत लेकराला उटणं लावून न्हाऊ घाला, नाहीतर नरकात जातं म्हणतात. ऐंशीच्या पुढचं माणूस, त्यांनी माझी दोन्ही लेकरं याच अंगणात न्हाऊ घातली. मी म्हटलं, "आत्याबाई, उटणं पायाला लावा, ओवाळा तुम्हीच, आंघोळ मात्र ऊन आल्यावर." त्यांनी बोटाच्या टोकानं नातीच्या तळपायाला उटणं टेकवलं, कपाळावरून बोटं मोडली आणि समाधानानं हसल्या. उटण्यातली हळद घरच्याच वावरातली. या हळदीच्या पट्ट्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण चार महिन्यांच्या कातडीला ती भरड घासायची नसते.

6:30. फराळ देवापुढे ठेवला. मालक चहा घेऊन वावराकडे गेले. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं सोयाबीन शेंगेतच काळं पडलं. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल होता, पण डागी मालाला तो भाव कोण देतो? सण असला तरी मळणी यंत्राचा नंबर आज लागलाय, तो सोडता येत नाही.

8 वाजता नात झोपली तशी लेकीलाही झोपवलं. दाराशी आलेल्या पाहुण्यांना ओसरीवरच बसवलं. नणंद अनारशाचा तुकडा हातात घेऊन लेकराच्या ओठाला लावायला निघाली होती, तिचा हात धरला. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षाच्या आत बोटानंही चाटवू नये. त्यातल्या जंतूंच्या बीजांनी तान्ह्या लेकराचे स्नायू लुळे पडू शकतात. नणंद थोडी रुसली. तिला म्हटलं, "उष्टावणाला तूच पहिला घास दे." मग तिनंच भांडी घासायला घेतली. लेकीला दोन तास सलग झोप मिळाली, आणि माझ्या हिशेबी आजच्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम तेच होतं.

10:30. पिशवी घेतली. वजनकाटा आणि त्याची झोळी, थर्मामीटर, रजिस्टर. तांड्यावरचं बाळ 14 ऑक्टोबरला दवाखान्यात जन्मलं, आज 20 तारीख, म्हणजे सातवा दिवस. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तर घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. सहाही भेटी झाल्या की 250 रुपये. सातवा दिवस सणाला आला म्हणून पुढे ढकलता येत नाही. जन्मल्यावर दोन-चार दिवस बाळाचं वजन थोडं उतरतं, ते पुन्हा चढतंय की नाही हे या आठवड्यातच कळतं.

तांड्यावर पोरी मेऱ्याच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या दिवाळीच्या रिवाजाच्या, तयारीत होत्या. अमावस्येच्या रात्री हातात दिवा घेऊन त्या घरोघरी मोठ्यांना मेरा मागायला जातात. नव्या घागऱ्यांची, फुलांची गडबड चाललेली. बाळंतिणीचं घर एका खोलीचं. एका कोपऱ्यात कढईत कानवले तळणं चाललेलं, धूर छताला कोंडलेला आणि दुसऱ्या कोपऱ्यात खाटेवर माय-लेकरू. मी आधी काटा काढलाच नाही. त्या पोरीच्या सासूला म्हटलं, "बाई, कढई बाहेर घ्या. एवढ्याशा छातीत हा धूर जातोय." ती माझ्याकडे बघत राहिली, मग चुलीतलं लाकूड विझवून कढई अंगणातल्या तीन दगडांवर नेली. दार-खिडकी उघडली, खोलीत वारा आला.

हात साबणानं धुतले. बाळ कोमट होतं, ताप नाही. छाती श्वासागणिक आत ओढली जात नव्हती. नाळ सुकून पडलेली, बेंबी कोरडी. तिला तेल, राख काहीच लावलेलं नव्हतं, हे बघून बरं वाटलं. डोळ्यांत पिवळेपणा थोडा, पण तळहात-तळपायांवर नाही. झोळीत घालून वजन केलं, 2 किलो 700. दवाखान्यातून निघतानाच्या आकड्याच्या पुढे. मायनं पाजताना मी पाहिलं, तोंड मोठं उघडून धरत होतं, गिळल्याचा आवाज येत होता.

खरा प्रश्न माय काय खाते हा होता. "पातळ भात अन् तूप," ती म्हणाली. पाणी? "कमी प्यावं म्हणतात, पोट सुटतं." एकोणीस-वीस वर्षांची पोर, ओठ फुटलेले. तिच्या सासूला समोर बसवलं आणि दोघींना मिळून सांगितलं: भाकरी, वरण, पालेभाजी, अंडं चालत असेल तर अंडं, पाणी लागेल तेवढं, लोहाची गोळी रोज. सुनेला एकटीला सांगून उपयोग नसतो, ताटात वाढणारा हात दुसऱ्याचा असतो. सासू म्हणाली, "आमी तर असंच केलं, ताई." मी म्हटलं, "केलं, अन् तुमी कशा अंगानं झिजलात ते तुमालाच ठाऊक." ती काही बोलली नाही. पण उठली, डब्यातली भाकरी काढली, वर वरण घातलं आणि सुनेपुढे ठेवलं.

निघताना बाळाचा बाप म्हणाला, भाऊबीज झाली की ऊसतोडीची गाडी येणार. यंदा कारखान्यांचं गाळप 1 नोव्हेंबरपासून. मुकादमाची उचल घेतलेली, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एक जण मागं राहिला तर अर्धाच कोयता. त्याच्या तोंडावर लाज होती, नाइलाज त्याहून जास्त. मी त्याला काय बोलणार? "रात्री मी येते," एवढंच म्हणाले.

1 वाजता घरी. नातीला ऊन खोलीत आल्यावर कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं. टाळूवर तेल हलकंच, नाका-कानात थेंबही नाही. न्हाणं झाल्यावर ओव्याची, वावडिंगाची धुरी द्यायची आमच्याकडे पद्धत, ती आम्ही बंद केली. त्याऐवजी सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन टोपडं घातलं आणि गोधडीत गुंडाळलं. त्यांच्या मांडीवर ती लगेच झोपते, दुसऱ्या कुणाच्या नाही.

दुपार भराभर गेली. रजिस्टर भरलं, चौदाव्या दिवसाची, 27 तारखेची नोंद केली, पणत्या भिजत घातल्या.

7 वाजता फटाके सुरू. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली दिवाळीला रात्री 8 ते 10 अशी वेळ बांधली होती, पण गावात घड्याळ कोण पाहतं. लेक नातीला घेऊन मागच्या खोलीत, दार लावून. शेजारची पोरं नागगोळ्या पेटवत होती. आवाज नाही म्हणून आया त्या बिनधास्त हातात देतात, पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं मोजलं तेव्हा सगळ्यात जास्त बारीक धूलिकण याच नागगोळीतून निघाले. पोरांना म्हटलं, आमच्या घरात तान्हं लेकरू आहे, तुम्ही पारापाशी जा, मी तिथं लाडू पाठवते. गेली बिचारी, आवाज न करता.

8:30. पुन्हा तांडा, या वेळी मालक बॅटरी घेऊन सोबत. बाप, सासू, सून तिघंही बसलेले. बोलणं लांबलं. सून मागं राहिली तर उचल फिटत नाही, आणि गेली तर फडात, पाचटाच्या खोपीत महिन्याच्या आतलं बाळ. शेवटी सासूनंच तोड काढली: मुकादमाशी बोलून सुनेच्या जागी ती स्वतः कोयत्याला जाईल, सून आणि बाळ सव्वा महिना होईपर्यंत सुनेच्या माहेरी, कळमनुरी तालुक्यात. मुकादम मानेल का, हे उद्या कळेल.

माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं. दीड महिन्याची लस 25 नोव्हेंबरला: पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि इंजेक्शन, रोटा, पीसीव्ही. तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली. कोणत्याही सरकारी दवाखान्यात, कोणत्याही जिल्ह्यात हे कार्ड दाखवलं की लस फुकट मिळते, हे बापाकडून दोनदा म्हणवून घेतलं. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुनेच्या हाती दिलं. सामानाच्या गाठोड्यात नाही, तिच्या स्वतःच्या पिशवीत. माहेरच्या गावच्या आशाताईला तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, "पाठवा ताई, पोचल्या दिवशीच जाते मी." तिचा नंबर कार्डाच्या मागं लिहिला आणि खाली माझाही.