सामन्याच्या दिवशी निशाण कोणी धरावे?

आमच्या पोशीर गावच्या टापूत खेळ म्हटला म्हणजे प्रथम कबड्डी आणि तिच्या मागोमाग क्रिकेट. फुटबॉल हा त्या मानाने पाहुणाच. तथापि भाताची कापणी आटोपून शेते मोकळी झाली, की एखाद्या सपाट खाचरात चार बांबू रोवून चेंडूमागे धावणारी मुले आता खेड्यांतही दिसू लागली आहेत, आणि दोन गावचे हौशी संघ परस्परांस आव्हान देऊ लागले आहेत. ह्या मंडळींस चेंडू विकत मिळतो, जाळी मिळते. मिळत नाही तो पंच. कबड्डीत एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक व त्याचे दोन साहाय्यक इतकी माणसे लागतात, आणि तो खेळ रक्तातलाच असल्यामुळे ती गावात सापडतातही. फुटबॉलात मुख्य पंच बाहेरगावाहून आणला तरी दोन बाजूंच्या रेषांवर निशाण घेऊन उभे राहण्यास प्रत्येक संघास आपल्यातलाच एक माणूस द्यावा लागतो. खरी गोम येथेच आहे.

१८६३ साली लंडनमध्ये ह्या खेळाचे नियम प्रथम बांधण्यात आले, तेव्हा त्यांत पंचाचा उल्लेखच नव्हता. सभ्य गृहस्थ आपला तंटा आपणच मिटवितील, अशी त्या काळची समजूत असावी! ती फार दिवस टिकली नाही. पुढे प्रत्येक संघ आपापला एक पंच देऊ लागला, आणि त्या दोघांचे एकमत न झाल्यास मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या गृहस्थाकडे दाद मागण्यात येई. तोच रेफरी. १८९१ साली ह्या तिसऱ्यास मैदानात आणून निर्णयाचा सर्वाधिकार देण्यात आला, आणि दोघा पक्षपंचांची रवानगी रेषेवर झाली. मुंबईत रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले तेही ह्याच साली. रेषेवरील ह्या गृहस्थांस नियमांच्या पुस्तकात १९९६ पासून सहायक पंच म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र अद्याप लाइन्समन हाच शब्द आहे.

संघाने दिलेल्या लाइन्समनकडे पंच सामान्यतः एकच काम सोपवितो: चेंडू रेषेबाहेर गेला म्हणजे निशाण वर करणे. ऑफसाइड आणि धसमुसळेपणा ह्यांचा निवाडा तो बहुधा स्वतःकडे ठेवतो. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. 'साक्षी' ह्या शब्दाचा मूळ अर्थच प्रत्यक्ष पाहणारा असा आहे. साक्षीदाराने पाहिलेले सांगावे, निवाडा करू नये. चेंडू बाहेर गेला काय, हे केवळ डोळ्यांचे काम होय. ऑफसाइडमध्ये मत येते, आणि मत आले की त्याच्या पाठोपाठ गावही येते.

पण हे डोळ्यांचे कामही दिसते तितके सोपे नाही. चेंडू जमिनीवर असो वा हवेत, तो संपूर्ण गोलच्या गोल रेषेपलीकडे जाईल तेव्हाच बाहेर समजावयाचा. त्याचा केसाएवढा भाग रेषेवर असला तरी खेळ चालू. शेताचा बांध हीच रेषा मानण्याची जी चाल आहे, तीत हे ठरविणे अशक्य. म्हणून यजमान संघाने सकाळीच दोरी लावून फक्कीने रेषा आखाव्यात. दुसरे असे, की निशाण हा सल्ला आहे, निर्णय नव्हे. पंचाने तो मानला नाही तर निशाण निमूटपणे खाली घ्यावे. लाइन्समनने लुडबूड किंवा गैरवर्तन केल्यास पंच त्यास दूर करून तसा अहवाल पाठवितो, अशी नियमातच तरतूद आहे.

असे असता हे निशाण कोणाच्या हाती पडते? बहुधा संघात न घेतल्यामुळे रुसून बसलेल्या मुलाच्या हाती, समजूत म्हणून. ही चाल मला अगदी अप्रशस्त वाटते. त्या पोराच्या पाठीशी सारा गाव उभा असतो, आणि चेंडू आपल्याच खेळाडूच्या पायास लागून बाहेर गेला की "अरे, तू आपला ना?" असा ओरडा होतो. सोळा वर्षांच्या मुलाने त्या वेळी खरे सांगावे ही अपेक्षा मोठी आहे. त्याने खोटे सांगितले तर एका थ्रोइनवरून दोन गावांची बोलाचाल बंद होण्यास वेळ लागत नाही. तेथे ज्याच्या शब्दास मान आहे असा काका, मामा किंवा शिक्षक उभा करावा. काकू का नको? २०२२ च्या विश्वचषकात पुरुषांच्या सामन्याची शिट्टी फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार्ट ह्यांच्या हाती होती, आणि गोव्याच्या उवेना फर्नांडिस ह्यांनी आंतरराष्ट्रीय सामन्यांत निशाण धरले आहे. निशाणास कमी लेखणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: भारताचा पुरुष संघ विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत आजवर एकदाही खेळलेला नाही, परंतु २००२ साली त्या मैदानावर तामिळनाडूचे के. शंकर उभे होते ते सहायक पंच म्हणून.

आता यजमानांची इतर कामे. खांबांमधील अंतर ७.३२ मीटर व आडव्या दांड्याची उंची २.४४ मीटर हे प्रमाण लहान शेतात साधले नाही तरी चालेल. पण गोल घट्ट रोवलेला हवा. सुटे लोखंडी गोल अंगावर पडून मुले दगावल्याचे प्रकार परदेशांत अनेकदा घडले आहेत, आणि दांड्यास लोंबकळणे हा तर बालस्वभाव! खेळाडूंची व राखीव गड्यांची नावे आरंभापूर्वी लिहून द्यावी. एका बाजूस सातांहून कमी गडी असतील तर सामना सुरू होत नाही. अंगठी, कडे, साखळी घरी ठेवून यावे. वर चिकटपट्टी लावली तरी नियमास ते चालत नाही.

वैशाखात वळवाचे ढग माथेरानच्या डोंगरावर चढू लागले, की पंचाइतकेच आयोजकांनीही आकाशाकडे लक्ष ठेवावे. मेघगर्जना ऐकू आली की खेळ थांबवून मुलांस पक्क्या घरात न्यावे, झाडाखाली कदापि नव्हे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटल्यावाचून पुन्हा मैदानात आणू नये. गोल बरोबरीत असता पंचाने खेळ थांबविला म्हणून त्याच्यावर तुटून पडणारे महाभाग असतात. त्यांस आवरणे हे त्या त्या संघाच्या वडीलधाऱ्यांचे काम.

राहता राहिले पंचाचे मानधन. ते पाकिटात घालून प्रवासखर्चासह सामन्यापूर्वीच त्याच्या हाती द्यावे; निकालानंतर दिले की जिंकलेल्यांचे ते बक्षीस दिसते आणि हरलेल्यांच्या हातून ते सुटत नाही. आणि खेळ संपल्यावर दोन्ही संघांतील एकेका जबाबदार गृहस्थाने त्यास नेरळ स्टेशनापर्यंत पोहोचवून यावे.