विश्लेषण : हिरे बाजाराला उंच मनोरा लागतो का? दुबई, मुंबई आणि सुरतची चढाओढ

दुबईत हिऱ्यांच्या व्यापारासाठी ६८ मजल्यांचा मनोरा आहे. सुरतमध्ये पेंटागॉनपेक्षाही मोठे हिरे संकुल उभे आहे. मुंबईचा हिरे बाजार मात्र नऊ मजली इमारतींत भरतो आणि तरीही व्यापाऱ्यांचा पाय तिथून सहज निघत नाही. असे का? वलगाव-अमरावतीत अंगठी घेणाऱ्याचा याच्याशी काय संबंध?

‘अल्मास टॉवर’ काय आहे?

अरबीत अल्मास म्हणजे हिरा. ३०० मीटरपेक्षा उंच इमारतींना ‘सुपरटॉल’ म्हणतात. अल्मासची उंची ३६० मीटर आहे. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्स भागातील कृत्रिम तळ्यात ती उभी आहे. ‘दुबई मल्टी कमॉडिटीज सेंटर’ या मुक्त व्यापार क्षेत्राचा ‘दुबई डायमंड एक्स्चेंज’ हा हिरे बाजार याच इमारतीत आहे. अमिरातीत हिऱ्याची एकही खाण नाही. तरीही आफ्रिकेच्या खाणी आणि भारतातील कारखाने यांच्यामधली जागा आणि करसवलती यांच्या बळावर दुबई कच्च्या हिऱ्यांची मोठी पेठ झाली.

सगळे एकाच छताखाली का?

लाखोंचा हिरा कागदाच्या छोट्या पुडीत मावतो. शिवाय प्रत्येक खड्याचा रंग, वजन, स्वच्छता वेगळी. त्यामुळे भिंगाखाली पाहिल्याशिवाय भाव ठरत नाही. बराच व्यवहार उधारीवर आणि शब्दावर चालतो. म्हणून व्यापारी, दलाल, बँक, तिजोरी आणि कस्टम्स जवळजवळ असणे सोयीचे. अकोल्याच्या कापूस बाजारात अडते, मापाडी आणि खरेदीदार एकाच आवारात असतात, तसेच हे.

मुंबईत काय घडले?

अनेक वर्षे हा बाजार ऑपेरा हाऊस भागातील पंचरत्न, प्रसाद चेंबर्स या इमारतींत आणि बाहेरच्या रस्त्यावर भरत होता. गर्दी आणि सुरक्षा या त्याच्या कायमच्या अडचणी होत्या. वांद्रे-कुर्ला संकुलात २० एकरांवर आठ इमारतींचा ‘भारत डायमंड बोर्स’ ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाला. त्यात सुमारे अडीच हजार कार्यालये आहेत. तरी अनेकांनी जुनी जागा सोडली नव्हती. १३ जुलै २०११ रोजी ऑपेरा हाऊस, झवेरी बाजार आणि दादर येथे बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर स्थलांतराला वेग आला.

मग सुरतचे काय?

जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू सुरतमध्येच पडतात. मात्र विक्री आणि निर्यातीची सूत्रे प्रामुख्याने मुंबईत राहिली. हे अंतर मिटवण्यासाठी १५ मजल्यांच्या नऊ इमारतींचा, सुमारे ६७ लाख चौरस फुटांचा ‘सुरत डायमंड बोर्स’ बांधला गेला. १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मुंबईचा बाजार आता गुजरातला जाणार, अशी चर्चा महाराष्ट्रात रंगली. प्रत्यक्षात तिथे गेलेल्या एका बड्या कंपनीने काही आठवड्यांतच पुन्हा मुंबई गाठली.

इमारत मोठी, मग अडले कुठे?

परदेशी खरेदीदाराला विमानसेवा हवी, निर्यातदाराला बँक हवी, दलालाला गिऱ्हाईक हवे. हे सारे मुंबईत आधीच आहे. एकटा व्यापारी हलला तर त्याचा धंदा मागे राहतो. हलायचे तर सगळ्यांनी मिळून हलावे लागते. ऑपेरा हाऊस सोडतानाही हाच पेच होता. दुबईनेही मनोऱ्याबरोबर करसवलती आणि सोपे नियम दिले. यातून महाराष्ट्रासाठी धडा स्पष्ट आहे : मुंबईचा बाजार टिकवायचा तर शेजारच्या इमारतीची उंची मोजण्यापेक्षा इथली कस्टम्स, बँका आणि सुरक्षा चोख ठेवणे गरजेचे.

ग्राहकाने काय पाहावे?

हिरा कोणत्या बाजारातून आला, हे अंगठीवर लिहिलेले नसते. हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, हिऱ्याची नाही. नैसर्गिक आणि प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा नुसत्या डोळ्यांना सारखाच दिसतो, किमतीत मात्र मोठा फरक असतो. म्हणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. बिलात सोन्याचे आणि हिऱ्याचे वजन व दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. ‘परत घ्याल तर काय भाव?’ हा प्रश्नही पैसे देण्याआधीच विचारावा.